हवाईच्या रँचवर घोडेस्वारी: कुठली सफर निवडावी, आणि आईला न्यावं का?

रानवारा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही हवाईच्या बिग आयलंडला चाललोय. आम्ही दोघं, १० वर्षांची लेक आणि पुण्याहून येणारी माझी आई. ज्वालामुखी, समुद्र वगैरे सगळं ठरलंय. पण माझ्या मनात खरी ओढ आहे ती तिथल्या रँचवर घोड्यावरून फिरण्याची. हवाई म्हटलं की लोकांना समुद्रकिनारा आठवतो. तिथे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ गुरं पाळणारे घोडेस्वार आहेत, त्यांना पानियोलो म्हणतात, हे मला अलीकडेच कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मला घोड्यावर बसवून, फोटो काढून, उतरवून देणारी सफर नकोय. जिथे खरंच गुरांचं काम चालतं अशा जागी जायचंय. आमच्यापैकी मला थोडंफार येतं, नवरा आणि लेक अगदी नवखे. आई लहानपणी शेतावरच्या घोडीवर बसायची, आता वय ६७. ती म्हणते, "मी पण येणार." न्यावं का? कुणी जाऊन आलंय का? सविस्तर लिहा.

चहाबाज

आईंना माझा नमस्कार सांगा. बाकीचं जाणकार लिहितीलच, मी खुर्ची टाकून बसलोय.

डोंगरयात्री

आम्ही बिग आयलंडच्याच कोहाला भागात, डोंगरउतारावर गेलो होतो. वायमेआ गावातून हावीकडे जाणारा २५० नंबरचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना सुरूची झाडं. हो, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचीच सुरू, इथे वारा अडवायला लावलेली. त्या रस्त्यावर मोठमोठी कुरणं लागतात. आमची सफर तिथल्याच एका रँचवर होती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पर्यटकांची सफर म्हणजे घोडे एकामागे एक, ठरलेल्या पायवाटेवर. पुढच्या घोड्याची शेपटी बघत जायचं. कोहालात आम्हाला वाट अशी नव्हतीच. मोकळं कुरण, आणि वाटाडी बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की पसरून चाला, शेजारी शेजारी चाला, गप्पा मारा. आपला घोडा आपणच हाकायचा. लगाम एका हातात, वळायचं त्या बाजूला हात न्यायचा, लगाम मानेला टेकला की घोडा वळतो. नवख्यांनाही थोड्या वेळात जमलं.

गुरं खरीच होती. काळ्या गाई वासरांसह बसल्या होत्या, आम्ही लांबून वळसा घातला. मध्येच वाटाडी बाई थांबल्या, पाण्याच्या हौदापाशी गेल्या, घोड्यावरूनच वाकून आत हात घातला आणि तरंगता गोळा वरखाली करून बघितला. पाणी येत नव्हतं. त्यांनी रेडिओवर कुणाला तरी कळवलं आणि मग आम्ही पुढे निघालो. पाच मिनिटं गेली असतील, पण माझ्या दृष्टीने सफरीतला सर्वांत मोलाचा भाग तोच. आपण कुणाच्या तरी कामाच्या जागेत पाहुणे आहोत हे तेव्हा नीट कळलं.

फाटकांचंही तसंच. बाई घोडा आडवा सरकवत फाटकाला लावायच्या, कडी काढायच्या, सगळे पार झाले की पुन्हा लावायच्या, आणि या सगळ्यात खाली उतरायचं नाव नाही. ते बघत राहावंसं वाटतं.

मुक्ता_सॅनहोजे

@डोंगरयात्री, दौड करू दिली का? आम्हाला दुसऱ्या एका बेटावर फक्त चाल. पूर्ण वेळ चाल. जागा सुंदर होती पण लेक कंटाळली.

डोंगरयात्री

तिथे गट वेगळे होते. येणाऱ्यांना दुडकी आणि दौड, नवख्यांना चाल आणि जमलंच तर थोडी दुडकी. फोनवर विचारतात आणि तिथे गेल्यावर बसण्याची पद्धत बघून पुन्हा ठरवतात. येत नसताना येतं म्हणून सांगू नका. पहिल्या चढावरच कळतं त्यांना.

पश्चिमवारे

मी ओआहूवर राहतो. तुम्ही बिग आयलंडलाच जाताय तर प्रश्न नाही, पण धागा पुढे कुणी वाचेल म्हणून लिहितो. ओआहूच्या पूर्व किनाऱ्यावर कुआलोआ रँच आहे, साधारण ४,००० एकर. १८५० मध्ये जेरिट जड नावाच्या मिशनरी डॉक्टरने हवाईचा राजा तिसरा कामेहामेहा याच्याकडून तिथली जमीन घेतली, आणि आजही रँच त्याच्याच वंशजांकडे आहे. काआआवाचं खोरं तिथलंच, डायनोसॉरच्या त्या प्रसिद्ध सिनेमाचं चित्रीकरण झालेलं. लोक सिनेमासाठी जातात, पण तिथे गुरं आजही पाळली जातात. हिरव्या, उभ्या कड्यांच्या मधून घोड्यावरून जाताना मला दर वेळी नाणेघाटाची बाजू आठवते.

त्याही आधी ती जागा हवाईयन लोकांची अतिशय पवित्र भूमी होती. हे वाटाडे आवर्जून सांगतात, नीट ऐका.

खुरपाटी

मी पशुवैद्य आहे, मूळचा नगर जिल्ह्यातला, आता मध्य कॅलिफोर्नियात. घोड्यांच्या बाजूने चार गोष्टी.

वजनमर्यादा. हवाईत बहुतेक ठिकाणी ती १०० ते ११५ किलोच्या आसपास असते, दौडीच्या सफरीला त्याहून कमी. आपल्याकडच्या लोकांना हे विचारलेलं आवडत नाही. पण घोड्याने खोगिरासकट स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्के वाहावं, असा आम्ही धरून चालायचा हिशोब आहे. ४५० किलोचा घोडा असेल तर ९० किलो झाले, आणि त्या पाश्चात्त्य पद्धतीच्या खोगिराचेच १५ किलो त्यात धरा. वरून चढ-उतार. तेव्हा जी जागा वजन विचारतच नाही तिथे जाऊ नका, हा माझा पहिला नियम.

दुसरं, निघण्याआधी घोड्याच्या पाठीकडे आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर बांधायच्या पट्ट्याच्या, जागेकडे बघा. केस उडालेत का, पांढरे डाग आहेत का, तंग आवळताना घोडा कान मागे पाडतो का. खुरांकडे बघा. तिथली जमीन ज्वालामुखीची, खडक धारदार, नाल नीट नसेल तर घोडा लंगडतो.

तिसरं, हेल्मेट. मुलांना सगळीकडे देतात, मोठ्यांनी मागून घ्यावं लागतं कधीकधी. मागा. चौथं, टाच असलेले बंद बूट. सपाट तळाच्या कॅनव्हासच्या बुटातून पाय रिकिबीत आरपार जातो आणि पडलात तर घोडा तुम्हाला फरफटत नेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नंदिनी_का

मला थोडं वेगळं मांडायचंय, राग मानू नका. आपण सगळे "खरी रँच, खरी रँच" म्हणतोय. पण त्या बेटांवर गुरं मुळात कुणी आणली? गुरांनी तिथलं जंगल खाल्लं, आणि जमिनी बाहेरच्यांच्या हातात गेल्या. पर्यटकांना पाठीवर वाहणाऱ्या घोड्यांचं आयुष्यही मला सुखाचं वाटत नाही. माथेरानला मी घोड्यावर बसत नाही, तिथेही बसले नसते. पायी फिरावं असं माझं प्रामाणिक मत.

चहाबाज

आता धाग्याचा काश्मीर होणार.

इतिहासप्रेमी

काश्मीर कशाला, प्रश्न रास्त आहे. इतिहास बघू.

१७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरने पहिल्या कामेहामेहाला गुरं भेट दिली. राजाने त्यांच्यावर कापू घातला, म्हणजे मारायची नाहीत, हात लावायचा नाही. गुरं बेसुमार वाढली, रानटी झाली, लोकांची शेतं तुडवायला लागली. घोडे आले १८०३ मध्ये. १८३० मध्ये कापू उठला. मग तिसऱ्या कामेहामेहाने कॅलिफोर्नियातून मेक्सिकन गुराखी बोलावले, आणि त्यांनी हवाईयन लोकांना घोडा आणि दोर शिकवला. टेक्सासमधून उत्तरेकडे गुरांचे मोठे तांडे निघायला लागले ते १८६० च्या दशकात. म्हणजे हवाईयन माणूस त्याच्या ३० वर्षं आधी दोर फेकत होता.

यात मला भावतं ते हे, की हे काम वरून लादलेलं राहिलं नाही. हवाईयन लोकांनी ते इतकं आपलं केलं की १९०८ मध्ये इकुआ पर्डी नावाचा वायमेआचा पानियोलो वायोमिंगमधल्या शायेनच्या मोठ्या स्पर्धेत गेला, दुसऱ्याच्या घोड्यावर बसला आणि ५६ सेकंदांत बैल दोराने पाडून बांधून पहिला आला. आर्ची काआउआ तिसरा, जॅक लो सहावा. त्यांना तिथे घेऊन गेलेल्या एबन लो यांचा स्वतःचा एक हात दोराच्याच अपघातात गेलेला होता. वायमेआत पर्डीचा पुतळा आहे, @रानवारा, लेकीला नक्की दाखवा.

बारामतीकर

वा! ५६ सेकंद! इथे आमच्याकडे भीमथडीच्या तट्टांचं कौतुक मराठ्यांच्या इतिहासात वाचायचं, आणि तिकडे बेटावर हे. पर्डी माहीत नव्हता, धन्यवाद.

हिलोकर

हिलोत राहतो, बिग आयलंडच्या ओल्या बाजूला. @नंदिनी_का, तुमचा मुद्दा इथले लोकही मांडतात, आणि तो खरा आहे. रानटी गुरा-मेंढरांनी कोआ आणि मामानेची जंगलं फार खाल्ली. १८४८ च्या जमीनवाटपानंतर सामान्य हवाईयन माणसाच्या हाती जमीन फारच थोडी राहिली. हे कुणीच नाकारत नाही.

पण आजचं चित्र थोडं वेगळं आहे. ऑगस्ट २०२३ ची माउई बेटावरची लाहायनाची आग आठवते ना? त्याच दिवसांत आमच्या बेटावर कोहालातही आगी लागल्या होत्या. ऊस बंद झाल्यावर पडीक राहिलेल्या जमिनींवर बाहेरून आलेलं गवत पुरुषभर वाढतं, वाळतं, आणि व्यापारी वाऱ्यात पेटलं की थांबवता येत नाही. जिथे गुरं चरतात तिथे ते गवत आखूड राहतं. म्हणून इथले बरेच लोक, अगदी जंगल वाचवणारेही, आता म्हणतात की रँच बंद पडून तिथे काहीच नसणं हे जास्त धोक्याचं. नीट कुंपण घालून जंगल वेगळं, कुरण वेगळं ठेवावं, हा त्यावरचा मार्ग.

आणि रँच चालवणं आज सोपं नाही. बेटाच्या पश्चिमेकडची, कोनाच्या बाजूची कुरणं २०१६ पासून एका रस शोषणाऱ्या किड्याने खाल्ली, किकुयू आणि पँगोला गवत मरतं आणि तिथे तण माजतं. शिवाय इथली बहुतेक वासरं वाढवायला जहाजाने मुख्य भूमीवर जातात, कारण इथे खुराक परवडत नाही. अशात पर्यटकांच्या सफरीचे पैसे काही रँचना तगून राहायला मदत करतात. मला म्हणून त्या सफरी पटतात.

नंदिनी_का

@हिलोकर, आगीचा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. घोड्यांबद्दलचं मत माझं तसंच आहे, पण उत्तराबद्दल आभार.

खुरपाटी

@नंदिनी_का, माथेरानशी एक फरक सांगतो. मोठ्या रँचवर घोडे एरवी कुरणात कळपात सोडलेले असतात, पाळीने कामाला येतात. दिवसभर डांबरावर किंवा दगडी वाटेवर उभं राहणं नाही. तरी जागेजागेत फरक आहेच, म्हणूनच वर पाठ बघा म्हटलं.

मुक्ता_सॅनहोजे

अवांतर: पाऊ रायडर्सबद्दल कुणी लिहिलंच नाही! ११ जूनच्या कामेहामेहा दिनाच्या मिरवणुकीत बायका घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतात, अंगावर लांबच लांब कापडाचा घोळदार झगा, आणि तो धरून ठेवायला शिवण नाही, पिना नाहीत, कुकुईच्या बिया खोचतात! प्रत्येक बेटाचा रंग आणि फूल वेगळं. बिग आयलंडचं ओहिआ लेहुआ, लाल. ओआहूचं पिवळं इलिमा. मी मिरवणूक बघितली तेव्हा आमच्या गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेतल्या नऊवारीतल्या घोडेस्वार पोरी आठवल्या. तोच ताठा. डोळे भरून आले हो.

चहाबाज

कुकुईच्या बिया खोचून काही वार कापड दौडत्या घोड्यावर टिकतं? मी सोवळं नेसताना चालूनसुद्धा सुटतं. बायकांना दंडवत.

इतिहासप्रेमी

अवांतरात माझीही भर. कावाइहाए बंदरात धक्का नव्हता तेव्हा गुरं जहाजावर कशी चढवायचे माहितीये? पानियोलो गुराला दोर टाकून घोड्यासकट समुद्रात शिरायचा. घोडा पोहतोय, मागे जनावर पोहतंय, आणि लाटा. होडीपर्यंत नेऊन गुराची शिंगं होडीच्या काठाला बांधायची, मग होडी मोठ्या जहाजापाशी जायची आणि पोटाखालून पट्टा घालून एकेक जनावर वर उचललं जायचं. या कामाचे घोडे वेगळे असायचे, लाटेला न बिचकणारे. त्यांचे जुने फोटो पाहिले तर थक्क व्हायला होतं.

अस्थिवैद्य

मूळ प्रश्न बाजूला राहतोय: आईंना न्यावं का?

मी हाडांचा डॉक्टर आहे. ६७ हे वय अडचणीचं नाही, हाडांची घनता अडचणीची असू शकते. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात आणि बाहेरून काही कळत नाही. इथून निघण्याआधी डेक्सा तपासणी करून घ्या, एवढीशी तपासणी असते. घनता बरी असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल, खुबे-गुडघे पुरेसे उघडत असतील, तर शांत घोड्यावर चालीची सफर करायला माझी हरकत नाही. ठिसूळपणा निघाला तर मात्र नको, मन मोठं करून नाही म्हणा. मणक्याचा अस्थिभंग घोड्यावरून न पडताही, नुसत्या दणक्याने होऊ शकतो.

मांड्या ताणल्या जातात याची तयारी करा. आतापासून रोज जमिनीवर मांडी घालून बसणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. लहानपणी घोडीवर बसलेल्या बाईंना तोल सांगावा लागणार नाही, शरीर ते विसरत नाही.

बारामतीकर

डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. पण मी म्हणतो, आईंनी स्वतःहून "येणार" म्हटलंय हेच केवढं आहे. आमची आई रिक्षात चढायला घाबरते.

रानवारा

सगळ्यांचे किती आभार मानू! आईला धागा वाचून दाखवला. पर्डीचं वाचून म्हणाली, "दुसऱ्याच्या घोड्यावर बसून? मग खरा." डेक्साची वेळ घेतलीये, पुढच्या आठवड्यात.

आता एकच. वर पार्कर रँचचा उल्लेख कसा नाही आला? नकाशात वायमेआच्या भोवती सगळीकडे तेच नाव दिसतं.

हिलोकर

यायला हवा होता, बरोबर. जॉन पामर पार्कर १८०९ मध्ये जहाजावरून उतरून इथेच राहिला. राजाच्या परवानगीने रानटी गुरं मारायचं काम त्याने केलं. पहिल्या कामेहामेहाची नात किपिकाने हिच्याशी लग्न केलं, आणि १८४७ मध्ये त्याला माना इथे दोन एकर मिळाले. तिथून वाढत वाढत एके काळी ती जगातल्या मोठ्या रँचपैकी एक झाली. आजही सुमारे १,३०,००० एकर आहे. शेवटचे मालक रिचर्ड स्मार्ट १९९२ मध्ये वारले, त्यांनी सगळं विश्वस्त निधीला दिलं. त्यातून वायमेआच्या रुग्णालयाला आणि शाळांना मदत जाते. त्यामुळे गावात त्या नावाबद्दल आपुलकी आहे.

स्वारीसाठी मात्र कोण कुठे नेतं हे दर वर्षी बदलतं, निघण्याआधी फोन करूनच ठरवा. आणि असं विचारा: कुरणात पसरून चालू देता का, गुरं त्याच कुरणात असतात का, गटात जास्तीत जास्त किती जण, वजन-वयाची अट काय. ज्यांना स्वतःच्या कामाचा अभिमान आहे ते या प्रश्नांवर खुलतात. एका ठिकाणी तर मला पलीकडचा माणूस गवताच्या जाती सांगत बसला.

डोंगरयात्री

लेक १० ची आहे ना? बऱ्याच ठिकाणी ८ किंवा १० ही अट असते, चालून जाईल. आई, लेक आणि नवरा यांच्यासाठी खासगी छोटा गट मिळतो का बघा. थोडे पैसे जास्त जातात, पण वाटाड्या त्यांच्या वेगाने चालतो. तुम्ही स्वतः दौडीच्या गटात जा, त्यात काही वाईट वाटून घेऊ नका. वाटाड्यांना बक्षिशी १५-२० टक्के द्यायची पद्धत आहे.

रानवारा

हे आवडलं. दोन गट. आईबरोबर नवरा आणि लेक चालीत, मी दौडीत. कपड्यांचं काय? समुद्रावरून थेट जाणार आहोत.

हिलोकर

समुद्रावरून थेट जाऊ नका! हॉटेलच्या किनाऱ्यावर ३० अंश असतात, तासाभरात तुम्ही ८००-९०० मीटर उंचीवर. वायमेआच्या थंड, बोचऱ्या पाऊसवाऱ्याला इथे स्वतंत्र नाव आहे, किपुउपुउ. आडवा येतो, कॉलरमधून आत शिरतो. पूर्ण बाह्यांचा स्वेटर, त्यावर पाऊस अडवणारं जाकीट, जीन्स, मोजे. घट्ट जीन्स नको, रिकिबीत पाय जाताना अडचण होते. आईंना मफलर.

बूट नेण्याआधी तळ घासून धुवा आणि अल्कोहोल फवारा. ओहिआची झाडं मारणारी एक बुरशी या बेटावर पसरलीये आणि ती मातीतून बुटाला चिकटून फिरते. वर ज्या लाल फुलाचं वर्णन आलंय, ते त्याच झाडाचं.

सकाळची पहिली वेळ घ्या. तेव्हा मौना केआ, हुआलालाई हे इथले डोंगर आणि नशीब असेल तर समुद्रापलीकडचा माउईचा हालेआकाला स्वच्छ दिसतो. दुपारनंतर ढग उतरतात. डिसेंबरात गर्दी फार, त्यामुळे आरक्षण आत्ताच करा, आणि डेक्साचा निकाल येईपर्यंत रद्द करता येईल असंच करा.

रानवारा

केलं. रद्द करायची मुदत दोन दिवस आधीपर्यंत आहे. निकाल आला की इथे कळवते.